विरळ हवेतले रणगाडे : झोजिला, १९४८

१/
१ नोव्हेंबर १९४८. श्रीनगर–लेह मार्गावरील झोजिला खिंडीत, सुमारे ३,५०० मीटर उंचीवर, भारतीय सैन्याचे रणगाडे शिरले. जगात तोवर इतक्या उंचीवर रणगाड्यांची लढाई झाली नव्हती. ही शौर्यकथा अनेकदा सांगितली जाते. मात्र त्या चढावर इंजिनांना विरळ हवेचाही सामना करावा लागला, हा भाग सहसा सांगायचा राहून जातो.

२/
आरंभ बरोबर ३०० वर्षे मागून करावा लागतो. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पास्कलच्या सूचनेवरून त्याचा मेहुणा पेरिए पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधील प्यू द दोम हा डोंगर चढला. उंची सुमारे १,४६५ मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा थोडी अधिक. शिखरावर नळीतील पारा सुमारे तीन इंच खाली आला. उंचीबरोबर हवेचा दाब घटतो, हे सिद्ध झाले.

३/
इंजिन हा एक प्रकारचा भाता आहे. प्रत्येक फेरीत तो ठरावीक आकारमानाची हवा ओढतो. उंचावरही हवेतील प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्केच असते. परंतु दाब कमी असल्याने त्याच आकारमानात हवेचे वजन कमी भरते. प्राणवायू कमी, म्हणून जळणारे इंधन कमी, म्हणून शक्ती कमी.

४/
हा फरक घराजवळून मोजत जाऊ. सोलापूर जिल्ह्यातील मैंदर्गीचा परिसर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटर उंच आहे. टर्बो नसलेली मोटार मुंबईच्या तुलनेत तेथेच सुमारे ५ टक्के शक्ती गमावते. चालकाला ते जाणवतही नाही. महाबळेश्वरला घट १५ टक्क्यांच्या आसपास जाते. झोजिलावर ती जवळजवळ एक तृतीयांश होते.

५/
अडचण एवढ्यावर थांबत नाही. जुन्या इंजिनांतील कार्ब्युरेटरला हवा विरळ झाल्याचे कळत नसे. तो इंधन पुरेसे कमी करत नसे. मग मिश्रण गरजेपेक्षा गडद होई, काळा धूर निघे, स्पार्क प्लगवर काजळी धरे. शिवाय ३,५०० मीटरवर पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळते. बाहेर बर्फ असतानाही चढावर रेडिएटरला उकळी फुटण्याचा धोका असे.

६/
आता १९४८ कडे वळू. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात कारगिल व द्रास हातचे गेले आणि झोजिला खिंडही शत्रूने रोखून धरली. लेहचा खुष्कीचा मार्ग तुटला. सप्टेंबरमधील पायदळाचा हल्ला खिंडीतील मशीनगनच्या माऱ्यापुढे थांबला. हिवाळा तोंडावर होता. बर्फाने वाट बंद होण्याआधी खिंड घेतली नाही, तर लडाखच हातून निसटण्याची भीती होती.

७/
मेजर जनरल के. एस. थिमय्या यांनी रणगाडे वर नेण्याचे ठरवले. ७ लाइट कॅव्हलरीचे पेट्रोलवर चालणारे स्टुअर्ट रणगाडे जम्मूकडून बनिहाल ओलांडून बालटालला आणले गेले. गुप्तता राखण्यासाठी आणि कमकुवत पुलांवरील भार घटवण्यासाठी त्यांचे वरचे बुरूज उतरवून वेगळे नेले होते. मद्रास सॅपर्सनी खेचरांची वाट रुंद करून रणगाड्यांजोगी केली.

८/
येथे इंजिनाचे गणित आणि युद्धाचे गणित एकमेकांत मिसळते. शक्ती घटली तरी खालच्या गिअरमध्ये ओढ मिळते. किंमत मोजावी लागते ती वेगाची. म्हणजे रणगाडा चढतो, पण संथपणे. रणगाडाविरोधी तोफांपुढे असा संथ रणगाडा म्हणजे आयते लक्ष्य. परंतु येथे रणगाडे येतील, हे शत्रूच्या स्वप्नातही नव्हते. त्याच्या मशीनगन पोलादापुढे निष्प्रभ ठरल्या.

९/
उंचीने रणगाड्यांचा वेग हिरावला. त्याच उंचीने शत्रूला बेसावध ठेवले. लेफ्टनंट कर्नल राजिंदरसिंग ‘स्पॅरो’ यांच्या रणगाड्यांमागून पायदळ पुढे सरकले आणि खिंड मोकळी झाली. नोव्हेंबर संपण्यापूर्वी द्रास व कारगिल परत मिळाले आणि लेहची वाट खुली झाली.

१०/
विरळ हवेवरील उपाय मात्र जगाला ३० वर्षांपूर्वीच सापडला होता. १९१८ मध्ये अमेरिकेतील पाइक्स पीक या ४,३०० मीटर उंच शिखरावर सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे लिबर्टी इंजिन चालवून पाहिले. सखल भागात ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन वर २३० पर्यंत उतरले. टर्बो जोडताच आकडा ३५६ झाला! धुराच्या झोताने एक चाक फिरवायचे आणि त्याच्या जोरावर हवा दाबून इंजिनात भरायची, ही त्यामागील युक्ती.

११/
ती युक्ती आधी विमानांना लाभली. रणगाड्यांपर्यंत यायला वेळ लागला. ऑक्टोबर १९६२ मध्ये ४,३०० मीटरवरील चुशूलला एएमएक्स-१३ रणगाडे विमानाने पोहोचवले गेले. तेही पेट्रोलचेच. त्या युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य मराठी मुखी रुळले. सह्याद्रीच्या उंचीवर मात्र हिमालयातील इंजिनाची परीक्षा होऊ शकत नाही. कळसूबाईदेखील १,६४६ मीटरच आहे.

१२/
आजच्या गाड्यांत हवेचा दाब मोजून इंधन ठरवणारी यंत्रणा असते, डिझेल गाड्यांना बहुधा टर्बोही असतो. म्हणून मैंदर्गीहून निघालेली गाडी झोजिला पार करून लेहला सहज पोहोचते. १९४८ च्या इंजिनांपाशी यांतले काहीच नव्हते. त्या चढावरील संथ गती कमकुवतपणाची खूण नव्हती. उपलब्ध हवेत मिळेल तेवढी शक्ती पुरवून वापरण्याची ती रीत होती.