परदेशची अध्यापकी

इंग्रजी विषय घेऊन पदवी मिळविलेला मुलगा किंवा मुलगी परदेशातील एखाद्या खासगी शाळेकडे अर्ज करते आणि काही दिवसांनी तिकडून इंग्रजीच्या शिक्षकाच्या जागेवर नेमणूक झाल्याचे पत्र येते, असे प्रसंग आता मध्यम वर्गातील कुटुंबांना अपरिचित राहिलेले नाहीत. पत्र येताच घरात हिशेब सुरू होतो. वेतन किती, त्यातून शिल्लक किती पडेल, राहण्यास जागा मिळेल काय, जाण्यायेण्याचे भाडे कोणी द्यावयाचे, दोनतीन वर्षांनी परत आल्यावर येथे पुन्हा नोकरी लागेल काय, हे सारे प्रश्न रास्त आहेत. ते विचारल्यावाचून कोणी पाऊल टाकू नये. परंतु या यादीत एक प्रश्न बहुधा नसतो, आणि इतिहासाकडे पाहता तोच पहिला असावा असे आम्हांस वाटते. शिकविण्याबद्दल पगार मिळतो हे उघड आहे. पण पगार देणारा शिकविण्याखेरीज आणखी काय मागेल, आणि ते नाकारण्याचे सामर्थ्य आपल्यापाशी कितपत राहील?

या प्रश्नाचा विचार करण्यास पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील रेवदंडा हे गाव फार सोयीचे आहे. कुंडलिका नदीच्या मुखाशी वसलेले हे गाव प्राचीन चौल बंदराचाच एक भाग. परदेशांशी या किनाऱ्याचा व्यवहार शतकानुशतके चालला, आणि त्या व्यवहाराबरोबर माणसेही आली. १४६९ साली अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलला उतरला. त्याची सारी पुंजी त्या घोड्यात होती. पुढे जुन्नर येथे तेथील खानाने तो घोडा काढून घेतला आणि धर्म बदलशील तर घोडा परत देईन व वर एक हजार सुवर्णनाणी देईन, अन्यथा घोडाही जाईल आणि दंडही बसेल, अशी अट घातली. एका खुरासानी गृहस्थाने मध्यस्थी केली म्हणून निकितिन त्या संकटातून सुटला. निकितिन शिक्षक नव्हता. पण परक्या मुलखात एकट्या माणसाच्या उपजीविकेचे साधन दुसऱ्याच्या हाती गेले, म्हणजे मागणी कोठवर पोहोचते, याचा इतका स्वच्छ दाखला क्वचितच मिळेल.

निकितिननंतर अर्ध्या शतकाने याच किनाऱ्यावर अगदी वेगळ्या तऱ्हेने परदेशी लोक आले. अहमदनगरच्या निजामशाहीकडून परवानगी मिळवून पोर्तुगीजांनी १५२१ च्या सुमारास रेवदंड्यास आपले ठाणे बांधण्यास प्रारंभ केला. पुढे तटबंदीच्या आत फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टीनियन व जेझुइट अशा निरनिराळ्या पंथांची चर्चे आणि मठ उभे राहिले. त्यांत जेझुइटांचे विद्यालयही होते. फ्रान्सिस्कनांच्या चर्चचा उंच मनोरा, ज्याला लोक सातखणी म्हणतात, अद्याप माडांच्या वर डोके काढून उभा आहे. या मठांतून शिकविणारे पाद्री परदेशी अध्यापकच होते. परंतु ते एकटे आले नव्हते. त्यांच्या पाठीशी लिस्बनच्या राजाचा आश्रय होता, पंथाची शिस्त होती आणि भोवती तोफा चढविलेला तट होता. काय शिकवावे हे त्यांनी गावाला विचारून ठरविले नाही. आणि १७४० साली मराठ्यांच्या हाती ठाणे गेले तेव्हा तटाबरोबर त्या विद्येचा आधारही गेला.

याच किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी तिसरा प्रकार दिसतो, आणि आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने तो अधिक बोधप्रद आहे. १८१३ साली मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनने मुंबईत आणि कोकण किनाऱ्यावर मराठी शाळा काढल्या. या शाळांना पुरेसे ख्रिस्ती शिक्षक मिळणे शक्यच नव्हते. तेव्हा हिंदू आणि बेने इस्रायल पंतोजी नेमले गेले. बेने इस्रायल हे या किनाऱ्यावरील गावोगावी पसरलेले, तेलाचा धंदा करणारे व शनिवार पाळणारे, म्हणून शनवार तेली या नावाने ओळखले जाणारे ज्यू लोक. पगार परदेशातून येई आणि मिशनच्या छापखान्यातील पुस्तके शाळेत चालत. देणाऱ्याचा हेतू काय, हे घेणाऱ्यास ठाऊक नव्हते असे नाही. तथापि या पंतोजींपैकी बहुतेकांनी अक्षरे शिकविली, पगार घेतला आणि आपला धर्म आपल्यापाशी ठेवला. इतकेच नव्हे, तर या संबंधातून मिळालेल्या शिक्षणाचा उपयोग करून त्या समाजाने पुढे आपली वाट आपण शोधली. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत आपल्या समाजासाठी शाळा सुरू केली.

निकितिनला जे जमले नसते ते या पंतोजींना का जमले? त्यांच्या अंगी विशेष धैर्य होते असे मानण्याचे कारण नाही. फरक परिस्थितीचा होता. शाळा सुटली की पंतोजी आपल्या घरी जात. नोकरी गेली असती तरी घर, वाडी, भाऊबंद आणि शेजार जाग्यावर राहिले असते. शिवाय मिशनला त्यांची गरज होती, आणि ती गरज त्यांना ठाऊक होती. नकार देण्याचे सामर्थ्य बव्हंशी अशा साध्या गोष्टींतून येते.

आता घर आणि भाऊबंद यांपैकी काहीच जवळ नसताना परदेशातील खासगी शाळेत भाषा शिकविण्यास गेलेल्या एका मराठी व्यक्तीचे उदाहरण पाहू. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या तेव्हा त्यांचे वय पंचविसाच्या आसपास होते. आईबाप दुष्काळात गेलेले, पती आदल्याच वर्षी वारलेले, बरोबर लहानगी मनोरमा. मनात वैद्यकीचा अभ्यास करण्याचा हेतू होता. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. प्रवासाच्या खर्चास त्यांच्याच ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीचे पैसे उपयोगी पडले. वाँटेज येथील भगिनीमठात राहून इंग्रजी शिकावयाचे व त्याबद्दल हिंदुस्थानात येऊ घातलेल्या भगिनींना मराठी शिकवावयाचे, असा व्यवहार ठरला होता. म्हणजे तेथेही त्या आश्रिताच्या नात्याने शिरल्या नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. कानांनी कमी ऐकू येऊ लागल्यामुळे वैद्यकीचा मार्ग खुंटला, आणि १८८४ साली त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. डोरोथिया बील या कर्तबगार बाई त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. रमाबाईंनी तेथे संस्कृत शिकवावे आणि स्वतः इंग्रजी, गणित व सृष्टिशास्त्र शिकावे, असे ठरले.

वरवर पाहता याहून चांगली जागा कोणती मिळावी? परंतु लवकरच, रमाबाईंनी काही तरुण पुरुषांनाही भारतीय भाषा शिकवाव्यात, अशी एक सूचना निघाली, आणि लाहोर व मुंबई येथील बिशपांपर्यंत तिची वार्ता पोहोचली. दोघांनीही विरोध केला. पुरुषांना शिकविल्यास स्वदेशी परतल्यावर त्यांच्या कार्यास बाध येईल, हिंदी समाजाला ते रुचणार नाही, असा त्यांचा अभिप्राय. म्हणजे ज्या समाजात रमाबाई वाढल्या त्याची रीत कोणती, हे त्यांना इंग्रज धर्माधिकारी समजावून सांगत होते! १८८५ सालच्या त्यांच्या पत्रव्यवहारातून या प्रकरणाची हकीकत कळते. रमाबाईंनी उत्तर दिले की आपल्या आईने आणि आपण तरुणांना शिकविण्यास ना वडिलांनी हरकत घेतली ना पतीने. मग ती या मंडळींनी का घ्यावी याचे आश्चर्य वाटते. एका पुरोहितशाहीचे जोखड महत्प्रयासाने मानेवरून उतरविल्यावर तसलेच दुसरे चढवून घेण्याची आपली तयारी नाही, असाही त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

रमाबाईंच्या धर्मांतराविषयी कोणाचे मत काहीही असो. वरील प्रकरणात त्यांनी घेतलेली भूमिका कोणत्याही अध्यापकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. त्या शाळेविरुद्ध भांडत नव्हत्या. बीलबाईंविषयी त्यांना आदर होता आणि तो शेवटपर्यंत टिकला. शिकविण्याचे काम आपण पत्करले आहे, आपली सदसद्विवेकबुद्धी पत्करलेल्या कामात मोडत नाही, एवढेच त्यांनी स्पष्ट केले. आणि ते स्पष्ट करण्याची किंमत देण्याचीही त्यांची तयारी होती. १८८६ च्या आरंभी, फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास हजर राहण्याच्या निमंत्रणावरून, त्या अमेरिकेस निघून गेल्या. बालोद्यान पद्धतीचे शिक्षण त्यांनी तेथे घेतले, व्याख्याने दिली, १८८७ साली ‘द हाय कास्ट हिंदू वूमन’ हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी बोस्टनमध्ये त्यांच्या नावाची साहाय्यक मंडळी स्थापन झाली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले.

गोष्ट येथे संपत नाही, आणि तिचा पुढला भाग गैरसोयीचा असला तरी सांगितला पाहिजे. आता पैसा देणारे बोस्टनला होते आणि शाळा चालविणाऱ्या रमाबाई होत्या. सदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही ही तेथील मंडळींची अट. परंतु काही मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होत असल्याचे दिसून आल्यावर १८९३ साली रानडे, भांडारकर प्रभृती हितचिंतकांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. चेल्टनहॅमला ज्यांनी स्वतःच्या विवेकाचे रक्षण केले त्यांच्याच शाळेविषयी, येथे विद्यार्थिनींचा विवेक मोकळा राहतो काय, अशी शंका घेतली गेली. रमाबाईंच्या बाजूनेही पुष्कळ बोलता येईल. मुलींनी आपल्या प्रार्थनेस बसू नये म्हणून आपले दार लावून घेण्यास त्या तयार नव्हत्या. आम्हांस येथे निवाडा करावयाचा नाही. शिक्षकाला जे स्वातंत्र्य हवे असते तेच विद्यार्थ्यालाही हवे असते, एवढे या प्रकरणाने दाखविले. आणि परदेशी मुलांपुढे उभ्या राहणाऱ्या तरुण शिक्षकाने त्याचाही विचार बरोबर नेला पाहिजे.

आजच्या नेमणुकीच्या पत्रात धर्माची अट बहुधा नसते. अटींचे रूप बदलले आहे. आखाती राज्यांत कित्येक वर्षे चालत आलेल्या कफाला पद्धतीत परक्या नोकराचा राहण्याचा परवाना मालकाशी बांधलेला असे. नोकरी सोडणे म्हणजे देश सोडणे. कतारने २०२० साली मालकाच्या संमतीवाचून नोकरी बदलण्याची मुभा दिली, इतरत्रही काही सुधारणा झाल्या. तरी कोणत्या देशात आज काय नियम आहे हे निघण्यापूर्वी पाहिलेच पाहिजे. कोणी पासपोर्ट ‘सांभाळण्यासाठी’ मागून घेतो. भारतीय कायद्याप्रमाणे पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. तो ठेवून घेण्याचा अधिकार कोणत्याही शाळाचालकाला पोहोचत नाही. आणखी एक विपर्यास पाहा. १९८३ च्या परदेशगमनाच्या कायद्याने मजुरांच्या करारावर सरकारी देखरेख ठेवली. पण दहावी वा अधिक शिकलेल्यांना त्या मंजुरीतून सूट मिळत आली आहे. म्हणजे आपला करार शिकलेल्या माणसाने स्वतःच वाचावयाचा! तो घरातील वडीलधाऱ्यांसह, सावकाश व शब्दनिशी वाचावा.

इंग्रजी शिकविणाऱ्या भारतीयापुढे आणखी एक अडचण उभी राहते. ही तुमची मातृभाषा नव्हे, असे त्यास ऐकविले जाते. दक्षिण कोरियाने भाषाशिक्षकांचा परवाना इंग्रजीभाषक अशा सात देशांच्या नागरिकांपुरता ठेवला. २०१० साली अमलात आलेल्या व्यापारी करारानंतर भारतीयांना दार उघडले ते सहायक शिक्षक म्हणून. या आक्षेपाचे उत्तर रेवदंड्याच्या खाडीपलीकडे आहे. समोरच्या कोर्लई गावातील काही शेकडो ख्रिस्ती लोक आजही पोर्तुगीज व मराठी यांच्या मिलाफातून झालेली एक बोली घरात बोलतात आणि तिला ‘नौ लिंग’, म्हणजे आमची भाषा, म्हणतात. राजा गेला, तटावरील तोफा गंजल्या, विद्यालयाचे नुसते अवशेष उरले. भाषा टिकली ती जन्माने पोर्तुगीज नसलेल्यांच्या मुखी. भाषा ज्याने कष्टाने आपली केली, तिची अवघड वळणे त्यास ठाऊक असतात, आणि नवख्या विद्यार्थ्यास अशाच वाटाड्याचा उपयोग अधिक. चेल्टनहॅममध्ये एका वर्गात संस्कृत शिकवून दुसऱ्या वर्गात इंग्रजी शिकावयास बसणाऱ्या रमाबाईंना हे निराळे सांगावे लागले नसते.

तेव्हा परदेशी अध्यापकी पत्करू नये, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. तिच्यायोगे दृष्टी विस्तारते, विद्या वाढते आणि कुटुंबास हातभार लागतो. मात्र हिशेब मांडताना पगाराच्या रकान्याशेजारी आणखी तीन गोष्टी लिहाव्यात: परतीच्या भाड्याची रक्कम स्वतःच्या नावावर आहे काय, त्या गावात शाळाचालकाखेरीज ओळखीचे एक तरी घर आहे काय, आणि नोकरी मधेच सोडून मूल घरी आले तर त्यास दोष न देता ठेवून घेण्याची आईबापांची तयारी आहे काय. पहिल्या दोन गोष्टी उमेदवाराने जमवावयाच्या आहेत. तिसरी घरच्यांच्या हाती आहे, आणि तिचे उत्तर मुलाने वा मुलीने निघण्यापूर्वी त्यांच्या तोंडून ऐकलेले असावे.