दीर्घपल्ल्याची धाव : वेळेचे पूर्वानुमान

लहान पल्ल्याच्या धावेस लागलेल्या वेळेवरून मोठ्या पल्ल्याच्या धावेस किती वेळ लागेल, याचा अंदाज बांधण्याची रीत. अंतर दुप्पट झाले असता वेळ दुपटीहून अधिक वाढते. थकव्यामुळे पडणारी ही भर किती, हाच या विषयातील मूळ प्रश्न होय.

त्याचा पहिला महत्त्वाचा नियम मुंबईतील कुलाबा येथे जन्मलेले विद्युत् अभियंते आर्थर एडविन केनेली (१८६१–१९३९) यांनी १९०६ मध्ये मांडला. माणसांच्या व घोड्यांच्या शर्यतींतील विक्रम तपासून, वेळ ही अंतराच्या ९/८ घाताच्या प्रमाणात वाढते, असे त्यांनी दाखविले. ए. व्ही. हिल यांनी १९२५ मध्ये विक्रमांचा संबंध प्राणवायूच्या पुरवठ्याशी जोडला. अमेरिकन अभियंते पीटर रीगल यांनी १९७७ मध्ये १·०६ हा घातांक सुचविला व १९८१ मध्ये त्याचे सविस्तर विवेचन केले. अर्धमॅरेथॉन ९० मिनिटांत धावणाऱ्यास पूर्ण मॅरेथॉनसाठी केनेलींच्या नियमाने सु. ३ तास १६ मिनिटे, तर रीगल यांच्या सूत्राने सु. ३ तास ८ मिनिटे लागावीत.

महाराष्ट्रात अशा तुलनेचे महत्त्व पहिल्या महायुद्धानंतर दिसून आले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणाऱ्या ग्रामीण धावपटूंच्या वेळा युरोपीय धावपटूंच्या तोडीच्या असल्याचे सर दोराबजी टाटा यांना जाणवले आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी भारतीय संघ पाठविण्यात आला. तेथे बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटे ४५·४ सेकंदांत एकोणिसावे आले. विजेते हान्नेस कोलेहमाइनेन त्यांच्यापुढे सु. १८ मिनिटे होते. तथापि तो मार्ग ४२·७५ किमी. होता, ४२·१९५ किमी. हे अंतर १९२१ मध्ये प्रमाण ठरले. रीगल यांच्या सूत्राने चौगुले यांची वेळ प्रमाण अंतरासाठी सु. २ तास ४८ मिनिटे येते. मार्गाचे अंतर अचूक मोजलेले नसेल, तर वेळांची तुलना किती फसवी ठरू शकते, हे यावरून कळते.

रीगल यांचे सूत्र साडेतीन ते २३० मिनिटांच्या धावांसाठी असून ते प्रामुख्याने विक्रमांवर आधारलेले आहे. हौशी धावपटूंना मॅरेथॉनसाठी सूत्राहून पुष्कळदा अधिक वेळ लागतो, असे २०१६ मधील एका अभ्यासात आढळले. स्नायूंतील ग्लायकोजेनचा साठा संपत येणे व अपुरा सराव ही याची कारणे होत. शिवाय उष्मा व चढउतार यांचा विचार सूत्रात नाही. बुलढाणा जिल्ह्यात ही उणीव सहज ध्यानात येते : पूर्णेच्या सखल खोऱ्यातील मलकापूरहून अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील बुलढाण्यास येताना राजूर घाट चढावा लागतो, आणि वऱ्हाडचा उन्हाळाही कडक असतो. सपाट मार्गावरील वेळेवरून येथील वेळ सूत्राने काढल्यास ती कमी येते. अशा प्रदेशात सूत्राचे उत्तर हा केवळ आरंभबिंदू मानून, त्याच मार्गावरील व त्याच ऋतूतील सरावाच्या नोंदींनी ते सुधारणे आवश्यक ठरते.