गवळ्यांचे तळ

नागपूरहून काटोलच्या वाटेला लागले, की जुनापाणीच्या माळावर मोठाल्या धोंड्यांची वर्तुळे दिसतात. एकदोन नव्हेत, शेकड्यांनी मोजावीत इतकी. एकोणिसाव्या शतकात साहेबलोकांनी चौकशी केली तेव्हा गावकऱ्यांचे उत्तर तयार होते : हे गवळ्यांचे तळ. पूर्वी या मुलखावर गवळी राजे राज्य करीत, ही दंतकथा विदर्भात आपणां सर्वांच्या कानांवरून गेलेली आहेच. गाविलगडाचे नावही लोक त्यांच्याकडेच नेऊन पोचवतात. कर्नाटकात अशाच पाषाणी थडग्यांना बुटक्या मोऱ्यांची घरे म्हणतात. (आपल्या जावळीच्या मोऱ्यांनी रागावू नये!) तामिळ मुलखात तीच थडगी पांडवांच्या नावावर जमा आहेत.

मध्य प्रांतात कापूस कमिशनर असलेले रिव्हेट-कार्नॅक यांनी या वर्तुळांत कुदळ घातली, तेव्हा गोठ्याची खूण काही मिळाली नाही. मिळाली ती मातीची भांडी आणि लोखंडी हत्यारे. १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी जुनापाणीला शास्त्रशुद्ध उत्खनन केले. पुढे माहुरझरीला डॉ. शां. भा. देव यांना माणसांबरोबर घोडेही पुरलेले आढळले, अंगावरच्या तांब्याच्या साजासकट. नैकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. म्हणजे ही इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील माणसांची स्मशाने आहेत.

मग दंतकथा टाकून द्यावी काय? मला तसे वाटत नाही. शेतात आडवा येणारा धोंडा कुणबी सहसा ठेवीत नाही. पण ज्या धोंड्यामागे राजाचे नाव आहे त्याला पहार लावताना हात थोडा कचरतोच. शहर वाढू लागले, दगडाला भाव आला, आणि हे कचरणे कमी झाले.

१९५८ च्या कायद्याने जुनापाणीची वर्तुळे केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आहेत, आणि २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे. पण श्रोतेहो, मडके संग्रहालयात नेऊन ठेवता येते, वर्तुळ नेता येत नाही. जुनापाणीच्या काही धोंड्यांवर वाटीसारखे लहान खळगे ओळीने कोरलेले आहेत. हे खळगे मुद्दाम ठराविक दिशांच्या धोंड्यांवर कोरले असावेत, असे अलीकडच्या अभ्यासकांना वाटते. तो धोंडा कुणी चार हात सरकवून बांधाला लावला, तर खळगे शाबूत राहतील. दिशा मात्र गेली.