हाली, कलदार आणि बदलता आंकडा

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झाला, तेव्हां मी शाळेंत शिकवीत होतों. आज सांगावयाची हकीकत मात्र त्याहून पुष्कळ जुन्या पैशाची आहे. आमचा मुलूख निजामाच्या राज्यांत होता आणि येथील व्यवहार हाली शिक्क्याच्या रुपयांत चाले. पैनगंगा ओलांडली कीं वऱ्हाड. तेथें १८५३ पासून इंग्रजांचा अंमल आणि त्यांचाच कलदार रुपया. खुद्द हिंगोलींतहि हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. त्यामुळें वाशीमास माल विकणाऱ्याच्या वहींत दोन्ही नाणीं शेजारीं शेजारीं बसत.

दोहोंचा भाव पूर्वीं बाजारांत खालींवर होई. पुढें विसाव्या शतकांत सात हालीस सहा कलदार असें प्रमाण रूढ झालें. हिशेबी मंडळी तेंच उलट बाजूनें सांगत: शंभर कलदारास हाली एकशें सोळा रुपये, दहा आणे, आठ पै. आज हा आंकडा ऐकून मुलें हंसतात; पण पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केलेल्या त्या पिढीला त्यांत कांहींच बिकट वाटत नसे. रुपयांच्या पुढें चौथाईसाठीं उभ्या रेघा आणि आण्यांसाठीं तिरप्या रेघा ओढल्या कीं रक्कम वाचतांना घोटाळा होण्याचें कारण उरत नसे. सप्टेंबर १९४८ मध्यें निजामाची सत्ता संपली, कांहीं वर्षांनीं हाली रुपयाहि गेला, आणि १ एप्रिल १९५७ पासून शंभर नव्या पैशांचा रुपया आला.

आमच्या गांवच्या देवळाची धर्मशाळा फसली १३४० सालीं, म्हणजे इ. स. १९३०-३१ मध्यें, वर्गणींतून बांधली गेली. अलीकडे तिची डागडुजी झाली, तेव्हां जुन्या वर्गणीदारांचीं नांवें रकमांसह शिळेवर कोरावीं असें ठरलें. गांवकऱ्यांनीं हाली दिले होते, वऱ्हाडांतील सोयऱ्यांनीं कलदार. सारें एका नाण्यांत यावें अशी पंचांची इच्छा. वही वाचण्याचें काम माझ्याकडे आलें आणि संगणकाच्या पत्रकांत मांडण्याचें माझ्या भाच्याकडे.

भाच्यानें एका चौकटींत सहा-सप्तमांश हा दर लिहिला व बाकीच्या चौकटींत सूत्र घातलें. सात कुटुंबांनीं प्रत्येकीं शंभर हाली दिले होते. पत्रकांत सातहि ठिकाणीं ८५.७१ उमटलें आणि खालीं बेरीज ६००.००. कागद पारावर वाचला गेला तेव्हां ऐंशी ओलांडलेले एक आजोबा म्हणाले, “गुरुजी, सात वेळां पंचाऐंशी एकाहत्तर म्हणजे पांचशें नव्याण्णव रुपये सत्त्याण्णव पैसे. तीन पैसे कोणीं खाल्ले?”

कोणींहि खाल्ले नव्हते. यंत्राच्या पोटांत आंकडा ८५.७१४२८५ असा पुढें बराच लांब जाणारा होता. दोन दशांश स्थळें दाखविण्याची आज्ञा हा त्याचा केवळ पोशाख. बेरीज झाली ती पोटांतल्या आंकड्यांची. हजार-लाखांचे स्वल्पविरामहि असेच पोशाखांत मोडतात. त्यांनीं रक्कम बदलत नाहीं. जुन्या कारकुनानें हेंच काम ८५ रुपये ११ आणे ५ पै असें केलें असतें व पैचा सातवा हिस्सा सोडून दिला असता. सात वेळां मिळवून त्याचे ५९९ रुपये १५ आणे ११ पै झाले असते, म्हणजे एक पै कमी. ती तो बट्टाखातीं उघड लिहिता. यंत्रालाहि आंकडा खरोखरच दोन दशांशांवर आणावयास सांगतां येतें, पण तें सांगावें लागतें.

दुसरा प्रसंग याहून वाईट होता. त्याच पत्रकांत भाच्यानें एका त्याहूनहि जुन्या वहीचा हिशेब घेतला आणि त्या सालच्या भावाप्रमाणें दराची चौकट बदलली. क्षणांत धर्मशाळेच्या सर्व वर्गण्या बदलल्या. ना खूण, ना खाडाखोड. १९७९ सालीं डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांचें विझिकॅल्क निघालें, तें एक आंकडा बदलतांच बाकीचे आपोआप बदलतात या गुणावरच गाजलें. तोच गुण येथें आमच्या मुळावर आला. नवा कागद पाथरवटाकडे गेला होता, त्यानें गेरूनें चार नांवें आंखलींहि होतीं. मीं सहज वही ताडून पाहिली म्हणून बरें. नाहींतर एका माणसाचें देणें आम्हीं दगडांत कमी करून ठेविलें असतें.

उपाय सोपा निघाला. सूत्रांचे आंकडे उचलून त्याच जागीं ‘केवळ मूल्यें’ म्हणून पुन्हा ठेवावयाचे. मग दर कितीहि बदला, ते हालत नाहींत. मात्र तसें केल्यावर आंकडा कोठून आला हें पत्रक सांगूं शकत नाहीं. म्हणून सूत्रांची एक प्रत वेगळी राखावी व दर आणि साल बाजूस लिहावें. कारकुनाच्या समासांत हें टिपण असे. आम्हींच तें गाळलें होतें.

शेवटीं पंचांनीं शिळेवर रूपांतर घातलेंच नाहीं. ज्यानें हाली दिले त्याच्या नांवापुढें हाली, ज्यानें कलदार दिले त्याच्यापुढें कलदार, आणि तळाशीं एक ओळ: फसली १३४०, सात हालीस सहा कलदार. पाथरवट तरुण होता. हाली म्हणजे काय, असें त्यानें विचारलें, तेव्हां छिन्नी खालीं ठेवून तो बराच वेळ ऐकत बसला.