वॅग्नरच्या कार्डाचा गोतावळा

माझ्या टेबलावर आत्ता दोन कार्डं आहेत. दोन्ही जेमतेम दीड इंच रुंद आणि अडीच इंचांहून किंचित उंच. एकावर आज फारसं कुणाला आठवत नसलेल्या एका बेसबॉलपटूचं चित्र आहे. कोपरे झिजून गोल झालेत, मधून एक दुमड गेली आहे आणि पाठीवर ‘स्वीट कॅपोरल’ सिगारेटची जाहिरात आहे. दुसऱ्यावर बेसबॉलपटू होनस वॅग्नर आहे. नारिंगी पार्श्वभूमी, मधोमध पाडलेला भांग, करारी जबडा. पहिलं कार्ड अस्सल, 1909 ते 1911 या काळात छापलेलं. दुसरं चार-दोन डॉलरना मिळणारं रिप्रिंट.

नुसत्या डोळ्यांना दोन्ही एकाच घरची वाटतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग खालच्या नावावर धरलं, की फरक दिसतो. अस्सल कार्डावरची अक्षरं सलग तपकिरी शाईची आहेत. कड थोडी फुगलेली, पण आत कुठेही खंड नाही. खेळाडूच्या गालावर ठिपके आहेत, पण ते कारागिराने बेतून टाकलेले, कुठे दाट, कुठे विरळ. रिप्रिंटवरचं ‘वॅग्नर’ मात्र भिंगाखाली अक्षरशः फुटतं. निळसर, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांची एकसारखी जाळी उरते. त्याचं कारण सोपं आहे. मूळ कार्डं शिळाछापाच्या पद्धतीची, एकावर एक रंग चढवलेली, आणि अक्षरांची तपकिरी शाई त्यात स्वतंत्र. रिप्रिंट म्हणजे छापलेल्या कार्डाचा फोटो. गाल कुठला आणि अक्षर कुठलं हे कॅमेऱ्याला कळत नाही, तो सगळ्याचीच चार शाईंत वाटणी करतो.

या कार्डांचा जन्म सिगारेटच्या पाकिटात झाला. पाकीट चुरगळू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालत, त्या तुकड्यावर चित्र छापलं तर गिऱ्हाईक परत येतं, हे तंबाखूवाल्यांनी एकोणिसाव्या शतकातच हेरलं होतं. 1909 साली अमेरिकन टोबॅको कंपनीने बेसबॉलपटूंची मालिका काढली, 16 ब्रँडांच्या जाहिराती पाठीवर घेऊन 500 हून अधिक वेगवेगळी चित्रं. वॅग्नरचं कार्ड मात्र लवकरच थांबलं. कुणी म्हणतं, लहान मुलांनी कार्डासाठी सिगारेट विकत घ्यावी हे त्याला पटलं नाही. कुणी म्हणतं, चित्राचे पैसे मिळाले नाहीत म्हणून तो अडून बसला. कारण काहीही असो, आज त्याची साठेक कार्डंच माहीत आहेत.

त्या कार्डावर त्याच्या संघाच्या शहराचं नाव ‘पिट्सबर्ग’ शेवटच्या ‘एच’शिवाय छापलंय. नवख्याला ती छपाईची चूक वाटते आणि तो कार्डावर संशय घेतो. प्रत्यक्षात 1891 ते 1911 या काळात त्या शहराचं अधिकृत स्पेलिंगच तसं होतं. जुना कागद वाचायचा तर त्याचा काळही वाचावा लागतो, हे मला या एका अक्षराने शिकवलं.

या मालिकेला आज ‘टी-206’ म्हणतात. हे नाव कंपनीचं नाही. सिराक्यूज शहरात कारखान्यात काम करणाऱ्या जेफरसन बर्डिक यांचं ते. संधिवाताने हात आखडलेले असताना या माणसाने छापील चित्रकार्डांची सूची करायला घेतली आणि 1939 साली तिची पहिली आवृत्ती काढली. ‘टी’ म्हणजे विसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं, 206 हा त्यांच्या यादीतला क्रमांक. पुढे तीन लाखांहून जास्त कार्डं आणि कागद त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिले, तिथे बसून वर्षानुवर्षं स्वतः वह्यांत चिकटवले आणि 1963 साली ते काम संपल्यावर थोड्याच आठवड्यांत ते गेले. काय छापलं गेलं हे ठाऊक असेल, तरच काय छापलं गेलं नव्हतं हे सांगता येतं. बनावट ओळखण्याच्या शास्त्राचा पाया मी तरी बर्डिक यांच्या त्या यादीतच मानतो.

बर्डिक यांच्या हयातीत नकला करायचं कारणच नव्हतं. बहुतेक कार्डं सेंटांत विकली जात. 1960 च्या सुमाराला कार्डं छापणाऱ्या टॉप्स कंपनीच्या साय बर्गर यांनी 1952 च्या मालिकेची न खपलेली खोकीच्या खोकी समुद्रात नेऊन बुडवली. त्यातच बेसबॉलपटू मिकी मँटलची कार्डं होती. त्या मालिकेतलं मँटलचं एक कार्ड 2022 साली 1 कोटी 26 लाख डॉलरना गेलं.

सत्तरच्या दशकात भाव चढू लागले आणि अस्सल कार्ड परवडेनासं झालं. रिप्रिंट जन्माला आलं ते इथे, आणि आलं ते चांगल्या हेतूने. ज्याला वॅग्नर कधीच घेता येणार नाही, त्यालाही त्याचं चित्र हातात धरता यावं. डोव्हर प्रकाशनाने जुनी कार्डं सुटी करून घेता येतील अशी पुस्तकं काढली. 1983 साली टॉप्सने आपलीच 1952 ची मालिका पुन्हा छापली. 407 पैकी 402 कार्डं, कारण पाच खेळाडूंची परवानगी नव्हती. मूळ कार्ड पावणेचार इंच उंच होतं, नवं साडेतीन इंच ठेवलं, आणि पाठीवर ‘रिप्रिंट’ असं स्पष्ट लिहिलं. मला हा व्यवहार फार सरळ वाटतो. नक्कल आहे आणि ती स्वतःच सांगते आहे.

फसवणूक सुरू होते तो शब्द पुसण्यापासून. ब्लेडने पाठ खरवडायची, कोपरे बोटांनी मळायचे, चहाच्या पाण्यात बुडवून कागद पिवळा करायचा आणि आजोबांच्या ट्रंकेत सापडलं अशी गोष्ट जोडायची. यावर एक साधा उपाय आहे, अंधाऱ्या खोलीत अतिनील किरणांचा जांभळा दिवा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालायची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाली. त्या दिव्याखाली माझं जुनं कार्ड मंद, मातकट राहतं आणि रिप्रिंट निळसर पांढरं उजळतं. चहाने वरचा रंग बदलतो, आतली चमक नाही. अर्थात, नुसतं न उजळणं हा अस्सलपणाचा पुरावा नव्हे.

काही जण मात्र पुसायच्याही भानगडीत पडले नाहीत, त्यांनी सरळ बनावट छापलं. बेसबॉलपटू पीट रोझच्या 1963 सालच्या पहिल्या कार्डाच्या हजारो नकला 1982 साली कॅलिफोर्नियात पकडल्या गेल्या. पुढे पाठीवर बनावट असल्याचा शिक्का मारून त्या विकायला मोकळ्या झाल्या, आणि आज लोक त्या शिक्क्यासकट जमवतात.

कायद्याचं म्हणाल तर अमेरिकेत 1973 सालापासून ‘हॉबी प्रोटेक्शन अ‍ॅक्ट’ आहे. नाण्याची प्रतिकृती केली तर तिच्यावर ‘कॉपी’ हा शब्द पुसता येणार नाही असा उमटवावा लागतो. निवडणुकीच्या बिल्ल्यांच्या प्रतिकृतींवरही त्या बनवल्याचं वर्ष घालावं लागतं. खेळाडूंची कार्डं त्या कायद्यात नाहीत. फसवल्यावर खटला भरता येतो, पण नकलेला जन्मतःच खूण करायची सक्ती नाही. ही उणीव मला सलते. तो एक शब्द सक्तीचा असता, तर कितीतरी साध्या माणसांची पुंजी वाचली असती.

1991 साली कार्डं तपासून, त्यांना 10 पैकी गुण देऊन प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करणारी पीएसए ही कंपनी निघाली. तिने तपासलेलं पहिलंच कार्ड वॅग्नरचं होतं. त्याच वर्षी हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि त्याच्या संघाचे मालक ब्रूस मॅकनॉल यांनी ते 4,51,000 डॉलरना घेतलं होतं. त्याला 8 गुण मिळाले. 2007 साली ते 28 लाख डॉलरना विकलं गेलं. आणि 2013 साली, त्याचे जुने मालक व नावाजलेले लिलाववाले बिल मास्ट्रो यांनी न्यायालयात कबूल केलं, की त्याच्या बाजूच्या कडा आपण कातरल्या होत्या. कातरलेल्या कार्डाला नियमाने असे गुण मिळतच नाहीत. मास्ट्रो यांना लिलावातल्या लबाड्यांबद्दल 20 महिन्यांची शिक्षा झाली.

या कार्डाचा कागद खरा, शाई खरी, भिंग आणि जांभळा दिवा दोन्ही त्याच्या बाजूने साक्ष देतील. तरी त्याची कड खोटं बोलते. झिजलेल्या कोपऱ्यांचं, दुमडलेलं माझं सामान्य कार्ड मला त्याहून जवळचं वाटतं, कारण त्याच्या अंगावर जे झालं ते सगळं दिसतं आहे.

माझ्या रिप्रिंटच्या पाठीवर ‘रिप्रिंट’ हा शब्द आहे, पण अगदी काठाशी, बारीक अक्षरांत. ब्लेडचे चार फटकारे पुरतील. म्हणून काल रात्री न पुसल्या जाणाऱ्या शाईचं पेन घेतलं आणि जाहिरातीच्या बरोबर मध्यावर, ठसठशीत, ‘नक्कल’ असं लिहिलं. शाई पुठ्ठ्यात मुरली आहे. वॅग्नरच्या बाजूने उजेडात धरलं, तर उलटी अक्षरं अंधुक दिसतात.