पाटण

जळगाव जिल्ह्याच्या चाळीसगाव तालुक्यातील एक प्राचीन नगर. हल्ली पाटणे या नावाचे लहान खेडे. चाळीसगावच्या नैर्ऋत्येस सु. १८ किमी.वर, सातमाळा-अजिंठा डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी ते वसले आहे. मागे कण्हेरगड व दाट वनराई, पुढे खानदेशचे काळ्या जमिनीचे मैदान, अशी त्याची जागा असून डोंगरापलीकडील पितळखोऱ्याची बौद्ध लेणी या परिसरातील वस्तीचे प्राचीनत्व दर्शवितात.

बाराव्या शतकात येथे निकुंभ घराण्याची सत्ता होती. देवगिरीच्या यादवांचे हे मांडलिक खानदेशातील सोळाशे गावांचे अधिपती म्हणवीत. शके १०७५ (इ. स. ११५३) च्या लेखाप्रमाणे येथील शिवमंदिराचे काम इंद्रराज निकुंभाने सुरू केले आणि ते त्याच्या पश्चात राणी श्रीदेवीने पूर्ण केले.

पाटणची खरी कीर्ती मात्र दुसऱ्या एका शिलालेखामुळे आहे. भवानीच्या मंदिरातील हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये विद्वानांच्या नजरेस आणला. पुढे कीलहॉर्न यांनी त्याचे संपादन केले. यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आजोबांच्या सिद्धांतशिरोमणीचे व घराण्यातील इतर ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून त्याने येथे मठ स्थापिला. सोईदेव निकुंभाने १२०७ च्या श्रावणी पौर्णिमेस, चंद्रग्रहणाच्या पर्वावर, या मठास दान दिले. त्यानंतर त्याचा भाऊ हेमाडिदेव यानेही त्यात भर घातली.

लेखातील वंशवर्णन व स्तुती संस्कृतात असून दानाचा व्यवहारी तपशील अखेरीस मराठीत कोरला आहे. मराठीच्या आरंभकालीन लेखांत त्याची गणना होते. पण गावाच्या इतिहासाच्या दृष्टीनेही संस्कृत प्रशस्तीपेक्षा या थोड्या ओळीच अधिक बोलक्या आहेत. पाटणच्या बाजारात विक्रीस येणाऱ्या मालावर ग्राहकाकडून मिळणाऱ्या राजाच्या उत्पन्नातील वाटा मठास दिला होता. नगराने आपल्यातर्फे दामाचा विसावा भाग दिला. ग्राहकाकडून पाच सुपाऱ्या आणि चालू असलेल्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल मठाला मिळे. माप मठाचेच वापरावे आणि मापाईचा निम्मा भाग मठास, निम्मा मापाऱ्यास जावा, असाही नियम आढळतो. म्हणजे गणित-ज्योतिषाची ही पाठशाळा केवळ राजाच्या औदार्यावर नव्हे, तर तेली, व्यापारी व गिऱ्हाईक यांच्या रोजच्या देवघेवीवर चालत होती. लहान मांडलिकाचे हे गाव त्या काळी चांगली पेठ असले पाहिजे, हेही यावरून दिसते.

भास्कराचार्यांचे जन्मस्थान पाटणच, असे या लेखाच्या आधारे पुष्कळदा सांगितले जाते. शके १०३६ (इ. स. १११४) मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी स्वतः सह्याद्रीच्या आश्रयास असलेल्या विज्जलविड नगराचा निर्देश केला असून ते कोणते याविषयी मतभेद आहेत. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर यास जैत्रपाल यादवाने या नगरातून आपल्याकडे नेले, असे मात्र लेखात स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा घराण्याचे पाटणशी असलेले नाते निःसंशय. जन्मस्थानाचा निष्कर्ष संभाव्य एवढाच म्हणता येईल.

यादवांच्या अस्तानंतर पाटणला पूर्वीचे महत्त्व राहिले नाही. मठाची इमारत आज उभी नाही. जुन्या शिवमंदिराचे कोरीव अवशेष, डोंगरातील नागार्जुन व सीतेची न्हाणी या नावांची लेणी आणि चंडिकादेवीचे मंदिर पाहावयास मिळते. भोवतालच्या वनाचा १९८६ मध्ये गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात समावेश झाला. देवीमुळे हे स्थान पाटणादेवी या नावानेच अधिक परिचित असून नवरात्रात येथे खानदेशातून व घाटावरून मोठ्या संख्येने भाविक येतात.