गाडी ॲव्हरेज किती देते?

दरवर्षी आपल्या स्मरणिकेत असीरगडावर, नाहीतर बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यावर एक तरी लेख असतोच. असायलाच हवा. पण इतिहास म्हणजे केवळ किल्ले आणि मकबरे, असे आम्हांला वाटत नाही. पडवीत ताडपत्रीखाली जी दुचाकी उभी असते तिलाही इतिहास आहे, आणि खकनार परिसरातल्या मराठी घरांपुरता तो पोटापाण्याचा, शिक्षणाचा आणि सोयरिकीचा इतिहास आहे. गणपतीची वर्गणी गोळा करायला कार्यकर्ते आज ज्या गाडीवरून निघतात ती घराने काय हिशेब करून घेतली, एवढेच इथे सांगायचे आहे.

आधी थोडा भूगोल. 1 नोव्हेंबर 1956 पूर्वी आपला निमाड जिल्हा आणि पलीकडचे वऱ्हाड एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, निमाड नव्या मध्य प्रदेशात राहिला, राजधानी भोपाळला गेली. धारणी तिकडे, खकनार इकडे. नकाशावर रेघ पडली, पण नातीगोती तशीच राहिली. आपल्या घरांतल्या किती सुनांचे माहेर धारणी-परतवाड्याला, सातपुड्यापलीकडे जळगाव जामोदला किंवा रावेर-यावल भागात आहे, ते मोजून पाहावे. रेघेच्या त्या बाजूला महाराष्ट्राची एस.टी., या बाजूला मध्य प्रदेशची रोडवेज. माहेरी जायचे म्हणजे दोन राज्यांची वेळापत्रके जुळवायची.

रेल्वे होती. खंडवा-अकोला मीटरगेजवरचे तुकईथड हे आपल्याच तालुक्यातले स्टेशन. गाडी सावकाश जायची, पण भाडे परवडायचे, आणि मेळघाटातल्या धूळघाटच्या वळणांवरून ती जाताना मुले खिडकी सोडत नसत. तरी स्टेशनापासून घरापर्यंतचा प्रश्न उरायचाच. तो पायी सुटायचा, बैलगाडीने सुटायचा आणि ज्याच्याकडे असेल त्याचा सायकलने सुटायचा. साठच्या दशकात आपल्याकडे शिक्षक, पटवारी, पोस्टमन, वर्गणीदार, सगळे सायकलवर.

स्कूटर आली ती पगारदार माणसाकडे. नेपानगरच्या कागद कारखान्यात 1955 मध्ये उत्पादन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तो राष्ट्राला अर्पण झाला. महिन्याच्या महिन्याला हातात पगार येणारी मंडळी या भागात अशा ठिकाणी तयार झाली. पण पैसे असले तरी स्कूटर मिळत नसे. बजाज ऑटोने इटलीच्या पियाजिओ कंपनीशी करार करून पुण्याजवळ आकुर्डीला व्हेस्पा बनवायला घेतली. 1971 मध्ये तो करार संपला आणि 1972 पासून तीच घडण ‘चेतक’ नावाने बाजारात आली. किती गाड्या बनवायच्या हे त्या काळी कारखानदार नव्हे, सरकारी परवाना ठरवायचा. मागणी त्याच्या कितीतरी पुढे. नाव नोंदवून अनामत भरायची आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. परदेशातल्या नातेवाइकाने परकीय चलनात पैसे भरले तर नंबर लवकर लागे. आपल्या भागात असे नातेवाईक कोणाला असणार! पुढे साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्सची ‘प्रिया’ निघू लागली, पण तिलाही रांग होतीच.

या रांगेने एक वाईट गोष्ट केली, ती लिहायला हवी. नंबर लागलेली स्कूटर बाजारभावापेक्षा जास्त मोलाची झाली आणि लग्नाच्या बोलणीत येऊन बसली. मुलगी जन्मली की बजाजला नाव नोंदवा, असे लोक थट्टेने म्हणत. ज्या बापांनी खरेच तसे केले त्यांना ती थट्टा वाटली नसणार. आपल्या समाजातही हे झाले आहे. तेव्हाच्या घरांत ‘परवडणारी गाडी’ म्हणजे कोणाला परवडणारी, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

ज्यांना स्कूटर नको होती, किंवा जमत नव्हती, त्यांच्यासाठी 1972 मध्येच लूना आली. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची ही गाडी अहमदनगरच्या कारखान्यात बनायची. पन्नास सीसीचे इंजिन, गियर नाही, आणि सायकलसारखे पायडल. पेट्रोल संपले तर पायडल मारत घरी या. शहरातल्या लोकांना याचे हसू यायचे, पण पंप वीस-पंचवीस किलोमीटरवर असलेल्या गावात ती सोय लाखमोलाची होती. ‘चल मेरी लूना’ ही जाहिरात पुढे आली. आपल्याकडे लूना त्याआधीच रुळली होती. मागे केळीचा घड, पुढे पाय ठेवायच्या जागी खताची पिशवी, आणि सीटवर धोतर सावरून बसलेले आजोबा. शिक्षिका आणि नर्स यांनी आपल्या भागात पहिल्यांदा चालवलेली यांत्रिक गाडीही बहुतेक लूनाच.

राजदूत दुधवाल्यांची. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सने पोलंडच्या मोटरसायकलवरून बेतलेली ही गाडी, दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन लटकवून कच्च्या रस्त्यावरही निमूट चालायची. ती पेट्रोल किती पिते हे दुधवाला विचारत नसे; कॅन सांडत नाही ना, एवढेच पाही.

या साऱ्या गाड्या टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे, प्लग काळा पडला की काढून पॉलिश पेपरने घासायचा, आणि चेतक सुरू होईना तर ती एका बाजूला वाकवून पुन्हा किक मारायची. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचे ताजे मिश्रण आत येते त्याच वेळी जळका धूर बाहेर ढकलला जातो, आणि त्याबरोबर थोडे न जळलेले पेट्रोलही सायलेन्सरवाटे निघून जाते. गावातल्या मिस्त्रीला ही थिअरी ठाऊक नसली तरी धुराच्या वासावरून पेट्रोल वाया जाते हे तो सांगायचा. 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखले आणि भाव चढले, तेव्हापासून ‘ॲव्हरेज’ हा शब्द मराठीत पक्का बसला. इंग्रजीत त्याचा अर्थ सरासरी असेल. आपल्याकडे लिटरला किती किलोमीटर, एवढाच त्याचा अर्थ.

मग 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली. जपानच्या होंडाचे फोर-स्ट्रोक इंजिन, ऑइल वेगळे, आणि जाहिरातीत लिटरला 80 किलोमीटरचा दावा. पेट्रोल भरा आणि विसरून जा, असा त्या जाहिरातीचा सूर होता. आपल्या मंडळींनी सुरुवातीला विश्वास ठेवला नाही. एवढीशी गाडी, पातळ चाके, स्टेपनी नाही. चेतकला जादा चाक असायचे. मोटरसायकल पंक्चर झाली तर जंगलात काय करणार? आणि मिस्त्री म्हणायचे, हे इंजिन आम्ही उघडणार नाही. पुढची काही वर्षे म्हणूनच बजाजची एम-80 आपल्याकडे जोरात राहिली. ओझे ओढायची, चढ चढायची, आणि कोणताही मिस्त्री ती उघडायचा. 1994 मध्ये स्प्लेंडर आली तोवर बुऱ्हाणपुरात तिचे पार्ट मिळू लागले होते, हप्त्यावर गाडी देणारेही आले होते. मग मात्र उलटे झाले. आज या रस्त्यावर उभे राहून गाड्या मोजा, स्प्लेंडर मोजता मोजता थकाल.

असे का झाले, याचे उत्तर आम्ही गाडीत नाही, बसमध्ये शोधतो. 2005 मध्ये मध्य प्रदेश सरकारने राज्य परिवहन महामंडळ गुंडाळायचे ठरवले आणि 2010 पर्यंत रोडवेज इतिहासजमा झाली. खाजगी बस मुख्य रस्त्याने धावतात, भरल्या की सुटतात, संध्याकाळनंतर विरळ होतात. आतल्या गावांचे काय? पुढे मीटरगेजची गाडी बंद झाली, आणि नवा रूळ मेळघाटातून न्यायचा की वळसा घालून, यावर बरीच वर्षे खल चालला. एकेक सार्वजनिक सोय मागे सरत गेली आणि तिची जागा घराच्या खर्चाने भरून निघाली. आपल्याकडे प्रत्येक घरात दुचाकी आहे, हे समृद्धीचे लक्षण म्हणून सांगितले जाते. आम्हांला ते अर्धेच खरे वाटते. बसचे तिकीट काढण्याऐवजी माणूस आता हप्ता, विमा, टायर आणि पेट्रोल भरतो.

म्हणून तर हिशेब चोख लागतो. समजा, नोकरीसाठी कोणी जाऊन-येऊन रोज 80 किलोमीटर करतो आणि महिन्यात 25 दिवस जातो. झाले 2,000 किलोमीटर. लिटरला 40 देणारी गाडी असेल तर 50 लिटर लागतील, 65 देणारी असेल तर 31. फरक 19 लिटरचा. सोयीसाठी लिटरला 100 रुपये धरले तर महिन्याला 1,900 आणि वर्षाला 22,800 रुपये. पाच वर्षांत एक नवी गाडी येईल एवढी रक्कम नुसत्या ॲव्हरेजमध्ये जाते किंवा वाचते. आता दुसरा माणूस घ्या, जो घर ते शेत ते बाजार असे रोज 10 किलोमीटर करतो. त्याचा फरक महिन्याला अडीच लिटरच्या आतला. त्याने ॲव्हरेजपायी महागडी नवी गाडी का घ्यावी? त्याला जुनी, पण ओझे ओढणारी आणि गावातच दुरुस्त होणारी गाडी स्वस्त पडते. ‘कमी पेट्रोल पिणारी’ आणि ‘परवडणारी’ हे दोन शब्द एकच नव्हेत, हे आपल्या वडीलधाऱ्यांना कागद-पेन्सिलीशिवाय कळत होते.

जाहिरातीतला आकडा मोकळ्या, सपाट रस्त्याचा आणि एकट्या माणसाचा असतो. खरा आकडा काढायची जुनी रीत अजून उत्तम आहे. टाकी काठोकाठ भरायची, मीटरचा आकडा लिहून ठेवायचा, आठवडाभर नेहमीसारखी चालवायची, पुन्हा त्याच पंपावर काठोकाठ भरायची. धावलेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागायचे. चाकात हवा कमी असेल, साखळी सुकलेली असेल, मागे दोन माणसे असतील, तर 65 ची गाडी 50 वर येते. 2010 मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले आणि 2017 पासून ते रोज बदलू लागले. तेव्हापासून ही वही कित्येक घरांत पुन्हा निघाली आहे.

या वहीत एक खर्च कोणी लिहिला नाही. एका गाडीवर तिघे, रात्रीचा रस्ता, समोरून केळीचे ट्रक, आणि हेल्मेट घरी खुंटीला. आपल्या ओळखीच्या किती घरांत त्या खर्चाची किंमत मोजली गेली, ते इथे नावे घेऊन सांगण्याची गरज नाही. दीड-दोन हजारांचे हेल्मेट महाग वाटते आणि पंपावर लिटरमागचे पैसे आपण घासाघीस करून मोजतो, हे आमचे आम्हांलाच नवल वाटते.

मुलींची गोष्ट वेगळी सांगावी लागेल. कायनेटिक आणि होंडा यांची जोडी 1984 मध्ये जमली आणि आपल्याच राज्यात, धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला त्यांचा कारखाना निघाला. बटण दाबले की सुरू होणारी, गियर नसलेली कायनेटिक होंडा. किक मारता येत नाही म्हणून स्त्रियांनी गाडी चालवू नये, हा मुद्दाच तिने संपवला. पण ती महाग होती, पेट्रोलही बरेच प्यायची, त्यामुळे आपल्याकडे थोड्याच घरांत आली. 2001 नंतर ॲक्टिव्हा आणि तिच्यासारख्या फोर-स्ट्रोक स्कूटर आल्या तेव्हा खरा फरक पडला. बारावीनंतर बुऱ्हाणपूरच्या कॉलेजात मुलीला पाठवायचे की नाही, हा निर्णय बसच्या शेवटच्या फेरीवर अवलंबून असायचा. आता तो घरात दुसरी गाडी आहे का, यावर अवलंबून असतो. मुलाची मोटरसायकल लिटरला 60-65 देते आणि मुलीची स्कूटर 45, म्हणून मुलीला ‘तू बसनेच जा’ म्हणणारी घरेही आम्ही पाहिली आहेत. हिशेब बरोबर, निर्णय चुकीचा.

2023 मध्ये राज्य सरकारने सरकारी शाळांतून बारावीला पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यांना स्कूटर दिल्या आणि पेट्रोलवरची हवी की विजेवरची, हे निवडायची मुभाही दिली. ज्या घरांत अशी निवड करायची वेळ आली तिथे पुन्हा तीच चर्चा झाली असणार. चेतक 2020 मध्ये विजेवर परत आली, लूना 2024 मध्ये. जुनी नावे ऐकून ज्येष्ठ मंडळी हरखली, पण प्रश्न नेमके विचारतात. पावसाळ्यात रात्रभर वीज गेली तर सकाळी ड्यूटीवर कसे जायचे? बॅटरी किती वर्षांनी बदलावी लागते आणि तिची किंमत किती? खकनारात ती उघडणारा मिस्त्री आहे का? गावातल्या गावात फिरणाऱ्याला, दुकानदाराला, दूध घालणाऱ्याला विजेची गाडी आजही फायद्याची ठरू शकते. रोज बुऱ्हाणपूरला जाऊन येणारा मात्र जाहिरातीतल्या आकड्यावर जात नाही. त्याच रस्त्यावर दोन पावसाळे ती गाडी चालवलेला माणूस तो शोधतो, आणि असा माणूस भेटेपर्यंत ‘एमपी 12’ ची, म्हणजे बुऱ्हाणपूर खंडव्यापासून वेगळा होण्याआधीची, जुनी स्प्लेंडर पुन्हा पासिंग करून घेतो.